ओट्यावरचा फळा आणि गडबचे चार काळुराम

रविवारी दुपारी रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावात मैनावहिनींच्या दारात चपलांचा ढीग दिसला की नवखा माणूस हळूच विचारतो, "कोण गेलं हो?" मी सांगतो, "माणूस नाय गेला, अर्धविराम गेलाय. शोधताहेत."

माझं घर त्यांच्या घराला लागून आहे. मधल्या कुडाच्या भिंतीला एक भगदाड आहे, ते मी ऐकण्याच्या सोयीसाठी आजवर लिंपलेलं नाही. शिवाय नोकरी एसटीच्या रोहा स्टँडवर कंट्रोलरची. कोण कुठल्या गाडीनं उतरला आणि कुठल्या गल्लीत शिरला, हे बघण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढं जे लिहितोय ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलेलं नाही ते भगदाडातून आलेलं आहे.

मैनावहिनी मूळच्या पेणजवळच्या खाडीकाठच्या शिर्कीच्या. बाप रघू मिठागरावर. बारावी झाल्या, टायपिंग शिकल्या, शिवाशी लग्न होऊन अष्टमीत आल्या. शिवा धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर, तीन शिफ्टमध्ये फिरणारा गरीब प्राणी. वहिनींना दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर ऑपरेटरची नोकरी लागली. गेटपासच्या याद्या टाइप करायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. पहिलं काम त्यांना जमलं.

कंपनीत कंप्युटर बसवायला मुंबईहून एक इंजिनीअर आला होता. सहा महिने राहिला, आमच्याकडच्या डासांना कंटाळून पळाला. जाताना एक झेरॉक्स केलेलं जाड पुस्तक आणि एक फ्लॉपी टेबलाच्या खणात विसरून गेला. पुस्तक होतं पर्लचं. पर्ल म्हणजे कंप्युटरला चार ओळींत काम सांगायची भाषा. एखादी लांबलचक यादी दिली की तिच्यातून हवं ते गाळून, वेचून, बदलून देते. वहिनींनी दोन वर्षं जेवणाच्या सुटीत एका हातात भाकरी आणि एका हातात डिक्शनरी घेऊन ते पुस्तक फस्त केलं.

मग शहाण्णव साली ती तारखांची गंमत झाली. कंपनीच्या अकरा हजार ओळींत तारखा उलट्या पडल्या होत्या, महिना आधी आणि दिवस नंतर. मॅनेजरसाहेबांनी चार ऑपरेटरना सांगितलं, महिनाभरात हातानं दुरुस्त करा. वहिनींनी जेवणाच्या सुटीत पाच ओळी लिहिल्या आणि चहा यायच्या आत अकरा हजार तारखा सरळ झाल्या. साहेब आले, बघितलं, आणि शाबासकीऐवजी मेमो दिला: परवानगीशिवाय यंत्राशी खेळ केल्याबद्दल.

दुसऱ्या कुणी तो मेमो फाडला असता. वहिनींनी तो काचेच्या फ्रेममध्ये घातला आणि इतरांच्या घरी जिथं 'सुस्वागतम' असतं तिथं ओट्यावर टांगला. त्याखाली शाळेच्या भंगारातून आणलेला एक फळा.

"भावजी," मला म्हणाल्या, "त्यांनी खेळ म्हटलं ना? मंग आता मी सगळ्या पंचक्रोशीला खेळायला शिकवते."

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता ओटा भरतो. गंमत म्हणजे वहिनींच्या घरात कंप्युटरच नाही. येणाऱ्यानं आपला प्रोग्रॅम कागदावर लिहून आणायचा. वहिनी तो कागद मांडीवर घेतात आणि म्हणतात, "आता मी मशीन." मग एकेका ओळीवर बोट ठेवून कागदानं सांगितलंय तेवढंच करतात. तुमच्या मनात काय होतं ते मशीनला कळत नाही, म्हणून वहिनींनाही कळत नाही. आणि त्याआधी प्रत्येकाला दोनच प्रश्न: काय हवं होतं? काय मिळालं? ह्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट दिली की निम्म्या लोकांना स्वतःची चूक स्वतःच सापडते आणि ते चहा न घेता पळतात.

एकदा नागोठण्याच्या दवाखान्यातली चंद्रावती नर्स आली होती. लसीची तारीख उलटून गेलेल्या बाळांची नावं तिला हवी होती. मिळाली सगळी तीनशे.

"समजा मी उघाडीवर उभी हाय," वहिनी म्हणाल्या. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायचं. "पाणी येतंय म्हणजे तुझी यादी येतेय, एकेक ओळ. तू मला सांगितलंस, खेकडे पकड. पण खेकडा कसा दिसतो ते सांगितलंसच नाय. मंग मी काय करू? येईल ते टोपलीत टाकते. लाकूड बी, चप्पल बी."

"म्हणजे अट लिहायची राहिली?"

"बघ, सांगितलं काय मी काही?"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज, "आनी शेपटी राहिली!" ही धोंडुबाई, वहिनींची सासू. सुकट निवडत बसलेली असते. तिला अक्षर वाचता येत नाही, पण पर्लच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ठिपक्याखाली शेपटीवालं एक चिन्ह लागतं, म्हणजे तोच अर्धविराम, आणि ते नसलं की अख्खा प्रोग्रॅम चालत नाही, हे तिला दर रविवारी ऐकून पाठ झालंय. कागद लांबूनच बघते आणि शेपट्या मोजते. दहात नऊ वेळा तिचं बरोबर असतं. चंद्रावतीचीही राहिली होतीच.

आता एवढं सगळं फुकट चाललेलं कुणाला तरी खुपणारच. पेणला हैबतरावांचा कंप्युटर क्लास होता. भिंतीवर पंखा, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं, सहा महिन्यांनी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. वाईट माणूस नव्हता, पण प्रश्न विचारला की त्याला अपमान वाटायचा. त्याच्या क्लासची मुलं शनिवारी त्याच्याकडे 'हो सर' म्हणायची आणि रविवारी एसटीनं अष्टमीला येऊन विचारायची ते विचारायची. कळल्यावर त्यानं दारावर टाइप केलेली नोटीस लावली: अष्टमीच्या ओट्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळणार नाही.

नोटीस लागली त्याच्या पुढच्या रविवारी त्याचा स्वतःचा ऑपरेटर मितेश डोक्याला मफलर गुंडाळून पेण गाडीतून उतरला. ऐन मे महिन्यात मफलर! वहिनींना त्यानं सांगितलं, मी नागोठण्याचा, खताच्या दुकानात असतो. मला सगळं माहीत होतं. मी बोललो नाही. असली गंमत लगेच खर्च करायची नसते.

तर आता मुद्द्याची गोष्ट. अठ्ठ्याण्णवचा आषाढ. पेणच्या वाटेवरच्या गडब गावची मृणाली, वीस-एकवीस वर्षांची, वहिनींच्या ओट्यावरची सगळ्यात जुनी मुलगी. पेणला कान्हूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात ऑर्डरींची यादी टाइप करायची नोकरी तिला लागली होती. त्या रविवारी ती आली ती डोळे सुजवून.

"काय हवं होतं?" वहिनींनी रीतीप्रमाणं विचारलं.

"सहाशे चाळीस गणपती, बाई."

"काय मिळालं?"

"पाचशे एकाहत्तर."

झालं होतं असं. कारखान्याला कंप्युटर हैबतरावांनीच विकलेला, आणि दर महिन्याला त्यांची माणसं येऊन त्याची 'साफसफाई' करायची. ह्या महिन्याच्या साफसफाईनंतर यादीतली एकोणसत्तर नावं नाहीशी झाली. मृणालीनं सांगितलं, तर हैबतराव म्हणाले, नाहीशी नाही झाली, तू दोनदोनदा टाइप केली होतीस ती काढली. कान्हूशेठनं कंप्युटरचं ऐकलं. शनिवारपर्यंत चूक कबूल कर, नाहीतर घरी बस.

"मी दोनदा नाय टाइप केलं, बाई. पण ऑर्डरीच्या चिठ्ठ्याच नाय उरल्या. टाइप झाल्यावर शेठ फाडून टाकतात. आता कंप्युटर आला म्हणतात."

वहिनी उत्तर देणार एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबली. खुद्द हैबतराव. ओट्याखाली उभे राहिले, चपला न काढता.

"वहिनी, हिला सांगा, उगाच ताणू नको. ओट्यावर शिकलेली पोर, हाताला वळण नाही. दर नववं नाव दोनदा टाइप केलंय."

"चहा घेणार?"

"चहा नको. हा फळा उतरवा. लोकांचं नुकसान होतंय. आज एक कारखाना, उद्या दवाखाना."

ओट्यावर पंधरा माणसं होती. सगळी वहिनींकडे बघत होती. धोंडुबाईनं सुकट निवडणं थांबवलं.

"हैबतराव," वहिनी उभ्या राहिल्या, "गुरुवारी येते मी कारखान्यात. चूक माझ्या ओट्याची निघाली, तर हा फळा माझ्या हातानं कुंडलिका नदीत बुडवीन. आणि नाय निघाली, तर ती दारावरची नोटीस मला पाहिजे. मेमोशेजारी जागा हाय."

"कबूल," हैबतराव म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. सातव्या किकेला सुरू झाली. सहा वेळा आम्ही सभ्यपणे गप्प बसलो.

तो गेल्यावर वहिनी मृणालीकडे वळल्या. "काय गो, चिठ्ठ्या फाडल्या म्हणतेस. पाट बी फाडले काय?"

मृणाली तोंडाचा आ करून बघत राहिली. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गणपती सांगायला जाताना घरचा लाकडी पाट कारखान्यात द्यायचा असतो. त्यावर नाव-गाव, उंची लिहायची, वर सुपारी ठेवायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसून देव घरी येतो. म्हणजे चिठ्ठी फाटो, यादी पुसो, जितक्या ऑर्डरी तितके पाट माळ्यावर पडलेले असणारच. मृणाली रोज त्या माळ्याखाली बसून कंप्युटरकडे बघत होती.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुटी होती. नसती तरी काढली असती. वहिनींनी रजा टाकली, कारण लिहिलं 'यंत्राशी खेळ'. आम्ही सकाळच्या पेण गाडीत बसलो. गडबला मृणाली चढली, तिच्याबरोबर तिचा काका. ह्याचं नाव काळुराम म्हात्रे.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"मी यादीत हाय का नाय ते बघायला," काका म्हणाले. "हिच्या म्हणण्याप्रमानं यादीत आम्ही एका नावाचे चौघं होतो, आता एकच उरलाय. तो मी हाय का, इचारायला नको?"

कारखान्यात ओल्या शाडूचा वास. रंग न दिलेले गणपती रांगेत, सगळ्यांचे डोळे अजून कोरे. हैबतराव खुर्चीवर, मितेश त्यांच्या मागं. त्यानं मला बघितलं आणि छताकडे बघायला लागला. कान्हूशेठ म्हणजे कोपरापर्यंत माती लागलेला, साठीचा, घुम्या माणूस.

"शेठ, माळ्यावरचे पाट उतरवा," वहिनी म्हणाल्या.

कामगारांनी उतरवले. मोजायला दीड तास गेला. हैबतराव मधेमधे घड्याळ बघत होते. सहाशे चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मृणालीनं चार पाट शेजारी मांडले. चारींवर खडूनं एकच मजकूर: काळुराम म्हात्रे, गडब, दीड फूट. पण खाली कोपऱ्यात एकावर आंब्याचं पान काढलेलं, एकावर चौकोनी रेडिओ, एकावर उघाडीच्या फळ्या, एकावर मासा.

"हा आंब्याखालचा काळुराम," कान्हूशेठ बोट दाखवत म्हणाले, "हा रेडिओवाला, हा उघाडीवरचा, आनी हा..."

"हा मी," काका म्हणाले. "मासा."

"शेठ, चारी तुमच्या ओळखीचे, मंग यादीत एकच उरला तेव्हा बोलला नाय?"

कान्हूशेठनं हाताची माती खरवडली. "कंप्युटरनं सांगितलं, म्हनून म्हटलं आपलंच काही चुकत असंल."

हैबतराव खाकरले. "ठीक आहे. पोरीनं दोनदा टाइप केलं नाही. पण अक्षर न् अक्षर सारख्या ओळी असल्यावर कुठलाही प्रोग्रॅम..."

"तो प्रोग्रॅम बघू," वहिनी म्हणाल्या.

खरं तर पैज तिथंच जिंकली होती. वहिनींनी मृणालीचा हात घट्ट धरला होता, काका हसत होते, मी मनातल्या मनात नोटिशीसाठी खिळा शोधत होतो. बाई आता घरी निघाली असती तर कुणी काही म्हणणार नव्हतं. पण दुसऱ्याचा प्रोग्रॅम न वाचता उठणं हिच्या स्वभावात नाही.

मितेशनं पडद्यावर फाइल आणली. तीन ओळी. वहिनी वाकून वाचायला लागल्या आणि दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

काम सोपं होतं. यादीतली एकेक ओळ घ्यायची, एका डब्यात आधी बघायचं, नसेल तर छापायची आणि डब्यात टाकायची, असेल तर सोडून द्यायची. त्या डब्याला प्रोग्रॅममध्ये नाव द्यावं लागतं. जगभर काय नाव देतात ते मला ठाऊक नाही. इथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं 'दिसला'. असली मराठी नावं देणारी बाई पेणपासून रोह्यापर्यंत एकच.

वहिनींनी मान वर केली, मितेशकडे बघितलं. मफलर नव्हता तरी ओळखलं. पोरगा पांढराफटक. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की भिंतीचं भगदाड लिंपून घ्यावं.

गप्प बसली असती तर? कुणाला कळणार होतं? मितेश मेला तरी बोलला नसता.

"हैबतराव," वहिनी म्हणाल्या, "ही ओळ माझी हाय. मेच्या दुसऱ्या रविवारी मी ती फळ्यावर लिहिली होती. चूक ओट्याची."

"बाई, नका ना!" मृणाली म्हणाली.

"गप गो. मी शिर्कीची. माझ्या बापाच्या नावाचे आमच्या गावात सहा रघू. 'कुठल्या रघूची' विचारल्याशिवाय मास्तरनं कधी माझी हजेरी नाय मांडली. आणि मी पुस्तकातली ओळ जशीच्या तशी उचलून शिकवली, सारखं दिसलं की एक ठेव, बाकी फेक. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात एका नावाचा एकच माणूस असंल. आपल्या गावात कसं असतं ते मला नाय ठाऊक तर कोणाला ठाऊक?"

हैबतरावांचा चेहरा सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा फुलला. "म्हणजे फळा..."

"बुडवते. रविवारी या बघायला. आता सरका, मला बसू द्या."

"माझ्या मशीनला हात..."

"मशीन माझं हाय, हैबतराव," कान्हूशेठ म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात मोठ्यानं बोललेलं वाक्य.

मृणाली टाइप करायला बसली, वहिनी शेजारी, आणि मितेश, कुणी न सांगता, पाट उचलून खुणा वाचून दाखवायला लागला. नाव, गाव, उंची आणि आता चौथा रकाना: खूण. आंबा, रेडिओ, उघाडी, मासा. संध्याकाळच्या गाडीआधी सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस ओळी वेगळ्या झाल्या. शेठ मृणालीला शनिवारचं काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्या येताना त्या बोर्झे गावच्या दोन ऑर्डरी लक्षात ठेव." म्हणजे नोकरी राहिली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

रविवारी कुंडलिकेच्या घाटावर निम्मी अष्टमी. हैबतराव पांढरा शर्ट घालून हजर, बरोबर सोनेरी प्रमाणपत्रवाले दोघं. शिवा रात्रपाळी करून आलेला, डोळे मिटत होते तरी फळ्याची एक बाजू धरून. पाणी गढूळ, चार पायऱ्या वर चढलेलं. धोंडुबाईनं फळ्याला हळदकुंकू लावलं. वहिनी गुडघाभर पाण्यात उतरल्या, फळा बुडवला. एकदा, दोनदा, तीनदा. खडूचं पांढरं पाणी वाहून गेलं. मृणाली रडत होती.

आणि मग वहिनी फळा डोक्यावर घेऊन घाट चढून वर आल्या.

"अहो, हे काय?" हैबतराव पुढं झाले. "बुडवायचं ठरलं होतं!"

"बुडवला की. तुमच्यासमोर."

"मग परत कुठं नेता?"

"हैबतराव, तुम्ही पेणचे ना? गणपतीचं विसर्जन झाल्यावर पाट कोण नदीत सोडून येतं? चूक गेली बुडून. पाट घरी येतो. पुढल्या वर्षाला लागतो."

घाटावर जे हसू उसळलं त्यात प्रमाणपत्रवाल्यांपैकी एकाचा आवाज मी स्पष्ट ऐकला. हैबतराव तरातरा निघाले. स्कूटर मात्र त्या दिवशी पहिल्या किकेला सुरू झाली.

ओला फळा उन्हात ठेवला, पण आषाढातलं ऊन ते किती. लाकूड फुगलं, चौकट वाकली, तेव्हापासून तो भिंतीवर जरा तिरकाच बसतो. त्या दुपारी खडू उठेना, म्हणून वहिनींनी तोंडीच शिकवलं. पहिल्या रांगेत मितेश बसला होता, उघड्या डोक्यानं. त्यानं पिशवीतून घडी केलेला कागद काढून वहिनींना दिला. क्लासच्या दारावरची नोटीस.

"सर विचारतील तर?" मी विचारलं.

"सांगीन, पैज तुम्ही जिंकलात, पण ही बंदी आता मी पाळणार नाही," मितेश म्हणाला.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला हा मफलरवाला कोण ते मेपासून ठाऊक होतं ना?" शिक्षा म्हणून नोटिशीची फ्रेम मलाच करून आणावी लागली, आणि पुढल्या रविवारपासून कागद-पेन घेऊन मलाही बसवलं.

नोटीस मेमोच्या शेजारी टांगली तेव्हा धोंडुबाई चष्मा नसताना डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिली.

"काय लिवलंय यात?"

"इथं यायची बंदी," वहिनी म्हणाल्या.

"शेवटाला शेपटी हाय?"

"नाय."

"मंग नाय चालायचं," म्हातारी म्हणाली आणि परत सुकटीला लागली.